दुकानदाराचं नाक

एका तालुक्याच्या गावी रंगाचा आणि हार्डवेअरचा एक दुकानदार होता. ऑइल पेंट, डिस्टेंपर, ब्रश, खिळे, बिजागऱ्या, थिनर, टर्पेंटाइन, चिकटवायच्या ट्यूबा, सगळं त्याच्याकडे मिळायचं. वजनात तो कधी मारत नसे आणि उधारीवर व्याज लावत नसे. पण गावात त्याचं नाव झालं होतं ते नाकामुळे. थिनरच्या डब्याचं झाकण नुसतं उघडलं की आत भेसळ आहे की नाही, ते तो सांगायचा. पेंटर लोक दुसरीकडून घेतलेले डबेसुद्धा त्याच्याकडे हुंगायला आणत. तो क्षणभर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "यात रॉकेल आहे." आणि असायचंच.

दिवसभर त्या वासात राहिल्यामुळे तो वास त्याच्या सदऱ्याला, केसांना, हातांना लागून घरी यायचा. लग्न होऊन आलेल्या बायकोचं सुरुवातीला त्या वासानं डोकं दुखायचं. पुढे सवय झाली. तिला वाटायचं, आपल्या घराचा वासच हा.

घरात त्याची म्हातारी आई होती आणि एकुलता एक मुलगा. मुलगा नववीत गेला होता. रविवारी दुकानावर बसायचा, हिशेब तोंडी करायचा. गिऱ्हाईक कौतुक करू लागलं की दुकानदाराला मूठभर मांस चढायचं. तो म्हणायचा, "पहिल्या पाचात नंबर असतो. आमचं पोरगं नाकासमोर चालणारं." मुलगा खाली मान घालून खिळे मोजत राहायचा.

गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू राहायच्या. त्यांची मशीन खिडकीपाशी होती आणि खिडकीतून जुनी पाण्याची टाकी दिसायची. एक दिवस त्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. तुमचा मुलगा दुपारचा टाकीमागे बसलेला असतो. सोबत मोठी पोरं असतात. रुमाल नाकाला धरून बसतात सगळी. मला काही ठीक वाटत नाही."

दुकानदाराचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात दोन पेंटर आत आले होते. त्यांच्या देखत तो म्हणाला, "दिवसभर खिडकीत बसलं की दुसऱ्याच्या घरातलं असंच दिसायला लागतं. आमचा मुलगा तसला नाही. तुम्ही तुमची मशीन चालवा."

काकूंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या.

त्या दोन पेंटरांनी ही हकिकत चहाच्या टपरीवर सांगितली. चार दिवसांत गावाला कळलं, की याला पोराबद्दल काही सांगायला जायचं नाही, अंगावर येतो.

आणि कुणी सांगितलं नाही. शाळेच्या शिपायाला मुतारीमागे दाबून रिकाम्या केलेल्या ट्यूबा सापडल्या. त्यानं त्या झाडून टाकल्या. पीटीच्या सरांनी पाहिलं, की मैदानाला एक फेरी मारली की हा मुलगा धापा टाकतो. त्यांनी त्याला कडेला बसवलं. न्हाव्याला त्याच्या नाकाभोवती आणि ओठांच्या कडेला लालसर पुरळ दिसलं. त्यानं मलम लावलं आणि गप्प राहिला. आईला धुण्यात मुलाच्या शर्टाला तो वास आला. तिला वाटलं, रविवारी दुकानात बसतो, वास लागणारच. त्याचं जेवण कमी झालं होतं, डोळे लाल असायचे, साध्या बोलण्यावर तो खेकसायचा. आई म्हणाली, "वयच तसं आहे." वयाच्या नावावर आपण काय काय खपवतो!

आजीला दिसत कमी होतं. ती एकदा दुकानदाराला म्हणाली, "पोरगं माझ्यापासून लांब बसतंय रे. आधी मांडीला मांडी लावून बसायचं."

"मोठा झालाय आता," दुकानदार म्हणाला.

दुकानात नाना नावाचा गडी होता. पंधरा-वीस वर्षं तिथंच राबलेला. दिवाळीआधी माल मोजला तेव्हा चिकटवायच्या ट्यूबांच्या दोन पेट्या कमी भरल्या. थिनरच्या छोट्या बाटल्याही कमी होत्या. दुकानदारानं वही दोनदा तपासली आणि नानाला हाक मारली.

नाना समोर येऊन उभा राहिला. त्याला सगळं ठाऊक होतं. रविवारी मुलगा खिशात काय घालतो, हे त्यानं पाहिलं होतं. दोनदा तो बोलायला म्हणून शेठच्या गादीपाशी आला होता. दोन्ही वेळा त्याला काकूंचा चेहरा आठवला आणि तो परत फिरला होता.

"शेठ," तो म्हणाला, "एक बोलायचं होतं. पण तुम्ही..."

"बोलायचं काही राहिलंय का?" दुकानदार म्हणाला. त्यानं महिन्याचा पगार गादीवर ठेवला. "चोरीचं नाव घेत नाही, तेवढं पुष्कळ समज."

नानानं पैसे मोजले नाहीत. खिशात घातले आणि पायऱ्या उतरला. एसटी स्टँडजवळ पंक्चरचं एक दुकान होतं, तिथं त्याला काम मिळालं.

नाना गेला, तरी ट्यूबा कमी होतच राहिल्या.

हे दुकानदाराला दोन महिन्यांनी कळलं. त्यानं पेट्या उतरवल्या, पुन्हा मोजल्या आणि तिथंच स्टुलावर बसून राहिला. दुकानात आता फक्त दोघं येत होते, तो स्वतः आणि रविवारी मुलगा. गल्ल्याचा आकडा त्याला कधी इतका सोपा गेला नव्हता.

दुपारी तो घरी आला. मुलगा शाळेत असायला हवा होता. त्यानं मुलाची उशी उचलून नाकाला लावली. मग डोळे मिटले. वास ओळखीचा होता. तोच वास त्याच्या हातालाही होता. एवढे दिवस दोन्ही वास एकमेकांत मिसळून गेले होते. कंपासपेटीत ट्यूबेची दोन टोपणं सापडली आणि गादीखाली कडक झालेला रुमाल.

तो परत दुकानात गेला. तारा मोजायची जाड लाकडी पट्टी त्यानं घेतली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि टाकीच्या दिशेनं निघाला. वाटेत स्टँड लागायचं. पंक्चरच्या दुकानाबाहेर नाना ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्यानं मान वर केली. शेठचा चेहरा दिसला, हातातली पट्टी दिसली. विचारायची गरज पडली नाही. तो उठून रस्त्यात आडवा उभा राहिला.

"बाजूला हो नाना."

"होतो. पण आधी ती पट्टी द्या."

"माझा मुलगा आहे."

"म्हणूनच म्हणतो." नानानं पट्टीचं दुसरं टोक धरलं. "शेठ, मी तरणा होतो तेव्हा रेल्वे स्टेशनाच्या गावात हमाली करायचो. तिथं फलाटाच्या टोकाला अशीच पोरं बसायची. एक दिवस पोलीस शिट्टी मारत त्यांच्यामागे धावले. त्यातलं एक पोरगं जेमतेम पन्नास पावलं पळालं आणि कोसळलं. मार नव्हता, जखम नव्हती. डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं. हे हुंगलेलं असताना पोराला घाबरवायचं नसतं, पळवायचं नसतं. आज तुम्ही मोठ्यानं हाकसुद्धा मारू नका."

दुकानदाराची पकड सुटली. पट्टी नानाच्या हातात राहिली. ती त्यानं पंक्चरच्या दुकानात ठेवली, मालकाला सांगितलं, "आलोच," आणि दोघं चालू लागले. टाकी तिथून पाच मिनिटांवर होती. नाना मुद्दाम हळू चालत होता. दुकानदाराला दोनदा धाव घ्यावीशी वाटली आणि दोन्ही वेळा नानानं त्याच्या दंडाला नुसता हात लावला.

टाकीमागे तीन मुलं होती. त्याचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठांच्या कडेला लाळ. दुसरी दोघं दचकून उठायला लागली.

"बसा रे," नाना म्हणाला. घरातल्या माणसानं म्हणावं तसं. "कुणी काही करत नाही. बसा. रुमाल तेवढा खाली ठेवा."

ती खरंच बसली.

दुकानदार मुलाशेजारी जमिनीवर बसला. काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं आणि ते बरंच झालं. मुलानं त्याच्याकडे पाहिलं. ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो थरथरायला लागला. दुकानदारानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काही नाही," तो म्हणाला. "वारा लागू दे जरा. मग घरी जाऊ."

बऱ्याच वेळानं मुलाचा श्वास सरळ झाला. नानानं उरलेल्या दोघांना त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलं. एका घरी त्याला पाणी मिळालं, दुसऱ्या घरी शिव्या.

त्या रात्री दुकानदारानं मुलाला एकही प्रश्न विचारला नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि त्याच्या खाटेशेजारी चटई टाकून तो जागा राहिला.

सकाळी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मुलाची छाती, डोळे, नाडी तपासली आणि नंतर दोघांना समोर बसवून सांगितलं, "ट्यूबेत आणि थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रव्यं असतात. त्यांची वाफ फुफ्फुसातून काही सेकंदांत मेंदूत पोचते. नशा थोडीच मिनिटं टिकते, म्हणून पोरं पुन्हा पुन्हा ओढतात. मेंदू झिजतो, लक्षात राहत नाही, यकृत आणि मूत्रपिंड बिघडतात. आणि या वाफेमुळे हृदय फार नाजूक झालेलं असतं. भीतीनं किंवा पळण्यानं अंगात जे ॲड्रेनलिन उसळतं, ते त्याला झेपत नाही. ठोका बिघडतो, माणूस उभ्या जागी जातो. पहिल्यांदा ओढणाऱ्यालाही हे होऊ शकतं. काल तुम्ही याच्यामागे धावला नाहीत, हे फार चांगलं केलंत."

"माझं शहाणपण नव्हतं ते," दुकानदार म्हणाला.

"औषध द्या," आई म्हणाली.

"या नशेपासून सोडवणारी खास गोळी नाही, ताई. झोपेसाठी, चिडचिडीसाठी थोडं देता येतं. बाकी बोलणं, वेळ देणं आणि वाट बघणं." त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहून दिली.

दर आठवड्याला बाप-लेक एसटीनं जिल्ह्याच्या गावी जाऊ लागले. तिथल्या समुपदेशक बाई मुलाशी एकट्याशी बोलायच्या. दुकानदार बाहेर बाकावर बसायचा. काही आठवड्यांनी त्यांनी त्याला आत बोलावलं. मुलगा टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "नववीत पहिल्याच चाचणीत मला गणितात शंभरात बारा पडले. सेमी-इंग्रजीचं मला काही कळत नव्हतं. पप्पा दुकानात सगळ्यांना सांगत होते, पहिल्या पाचात असतो. मी पेपर फाडून टाकला. टाकीमागची पोरं म्हणाली, हे घे, डोकं शांत होतं."

"आणि झालं?" बाईंनी विचारलं.

"थोडा वेळ व्हायचं."

दुकानदाराला खूप काही म्हणायचं होतं. बाईंनी हातानंच त्याला थांबवलं. त्यानं ऐकलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा एकदा पुन्हा टाकीमागे सापडला. आई रडली, आजीनं देव पाण्यात ठेवले. डॉक्टर म्हणाले, हे आजाराचंच अंग आहे, पुन्हा सुरू करायचं. पुन्हा सुरू केलं. मुलानं सेमी-इंग्रजी सोडलं आणि मराठीतून गणित घेतलं. दहावीत त्याला बेताचे गुण पडले. दुकानदारानं ते कुणाला आपणहून सांगितले नाहीत आणि कुणी विचारलं तर लपवलेही नाहीत.

दुकानात त्यानं ट्यूबा आणि थिनर कुलपाच्या कपाटात हलवले. ओळखीचा पेंटर, सुतार, चांभार असेल तरच द्यायचे, पोराटोरांच्या हाती नाही. याआधी शाळेचा गणवेश घातलेली मुलंसुद्धा त्याच्याकडून ट्यूब नेत. कशाला हवी, असं त्यानं कधी विचारलं नव्हतं, कारण पैसे रोख असायचे. विक्री थोडी घटली. चौकातल्या दुसऱ्या दुकानाची तेवढी वाढली, हेही खरं.

एका संध्याकाळी तो स्टँडवर नानाकडे गेला. "नाना, चुकलं माझं. परत ये."

नाना हात पुसत म्हणाला, "मी इथं बरा आहे, शेठ. मालक चांगला आहे. पण तुम्ही माझ्याकडे आधी आलात, हे काही बरोबर नाही. आधी काकूंकडे जायचं होतं."

दुकानदार काकूंकडे गेला. काकूंनी मशीन थांबवली नाही. पायडल मारता मारताच म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला आले तेव्हा फार तर महिनाभर झाला होता त्याला. त्यानंतर मी कित्येक महिने बघत होते भाऊ, या खिडकीतून. बोलले नाही. तुमचा राग होताच, पण माझाही होता. पोराचे तेवढे महिने त्यात गेले."

गोष्ट इथं जरा थांबवायला हवी. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे दिवस होते. गर्द लपूनछपून मिळवावी लागे. हुंगायच्या नशेचं सामान मात्र दुकानात उघड मिळायचं. बाटलीतलं व्हाइटनर आणि त्याचं थिनर विकायला २०१२ साली बंदी आली, पण चिकटवायची ट्यूब आणि पंक्चरचं सोल्युशन आजही कुणाच्याही हाती पडतं. २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल आला. त्यात एक गोष्ट दिसली. दारू, गांजा, अफू या सगळ्यांत मोठ्या माणसांचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त. हुंगायच्या नशेत मात्र दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचं प्रमाण मोठ्यांहून जास्त. या नशेतून बाहेर यायला मदत लागेल अशी देशातली मुलं अंदाजे ४ लाख ६० हजार. इतक्या मुलांच्या घरी कुणाला तरी वास आलाच असेल. शेजारी, शिपाई, न्हावी, सर यांना काही ना काही दिसलंही असेल. ते घरापर्यंत का पोचत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा घराच्या उंबऱ्यावरच असतं. आमचा मुलगा तसला नाही, हे वाक्य आपण मुलाच्या बाजूनं म्हणून बोलतो. ऐकणाऱ्याला ते दार लावल्यासारखं ऐकू येतं, आणि आतल्या मुलालाही. १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी फुकट फोन आहे. पण तो फिरवायचा तर आधी कुणीतरी येऊन काहीतरी सांगावं लागतं, आणि ते आपण ऐकून घ्यावं लागतं.

मुलगा अकरावीला गेला, त्या पावसाळ्यातली ही गोष्ट. दुकानात गर्दी होती. काकू छत्री मिटत पायरीवर आल्या आणि गिऱ्हाईक जायची वाट न बघता म्हणाल्या, "भाऊ, आज तो त्या टाकीमागच्या मोठ्या पोराच्या गाडीवर मागे बसून गेला. मी बघितलं."

दोन पेंटर, एक सुतार आणि शाळेचे एक सर, सगळे दुकानदाराकडे बघू लागले. त्यानं हातातलं माप खाली ठेवलं, आतून स्टूल आणून काकूंसमोर टेकवलं आणि म्हणाला, "बसा. किती वाजता, कुठल्या बाजूला, सोबत आणखी कोण होतं? सगळं सांगा."